एर्लँग (आज्ञावली भाषा)

एर्लँग ही एकाच वेळी चालणाऱ्या असंख्य प्रक्रिया हाताळण्यासाठी तयार केलेली संगणकीय आज्ञावली भाषा आहे. स्वीडनमधील एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत १९८६ साली जो आर्मस्ट्राँग यांनी या भाषेवर काम सुरू केले. रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे अन्य दोन प्रमुख रचनाकार होत. टेलिफोन एक्स्चेंज चालवणाऱ्या आज्ञावल्या अधिक सोप्या आणि अधिक भरवशाच्या करणे हा या भाषेचा मूळ उद्देश होता. डिसेंबर १९९८ पासून ती मुक्तस्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. संदेशसेवा, दूरसंचार जाळी, रांग-व्यवस्थापक व वितरित विदागारे यांत तिचा वापर होतो.

मोठ्या आज्ञावलीत चुका राहणारच, हे एर्लँगने आरंभीच गृहीत धरले आहे. एका भागातील चूक दुसऱ्या भागापर्यंत पोहोचू नये आणि बिघडलेला भाग बाजूला काढून नव्याने सुरू करता यावा, अशी तिची रचना आहे. समवर्ती प्रक्रियांना तिच्यात मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यामागे वेगाइतकेच हेही कारण आहे.

नाव

डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर क्राऱुप एर्लँग (१८७८–१९२९) यांच्या नावावरून या भाषेचे नाव ठेवण्यात आले. ते कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. एक्स्चेंजमध्ये एका वेळी किती फोन येतील आणि त्यासाठी किती वाहिन्या लागतील, याचा गणिती अभ्यास त्यांनी केला. दूरध्वनी वाहतूक मोजण्याच्या एककालाही त्यांचेच नाव आहे. एखादी वाहिनी तासभर अखंड व्यग्र राहिली, तर त्या तासातील तिची वाहतूक एक एर्लँग होते. ‘एरिक्सन लँग्वेज’ या शब्दांचा संक्षेपही या नावात दडलेला आहे आणि ही द्व्यर्थता रचनाकारांना मान्य होती.

पार्श्वभूमी

मोठ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका क्षणी हजारो संभाषणे चालू असतात. प्रत्येक संभाषण स्वतंत्रपणे सुरू होते व संपते. एकाचा फोन मध्येच तुटला, तर शेजारच्या संभाषणावर त्याचा परिणाम होता कामा नये. एक्स्चेंज दुरुस्तीसाठी बंदही ठेवता येत नाही, कारण त्याच वेळी कोणीतरी रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दल बोलावत असू शकते. त्यामुळे आज्ञावलीत सुधारणा करायची झाली, तरी ती यंत्रणा चालू असतानाच करावी लागते.

एरिक्सनच्या एएक्सई या एक्स्चेंजसाठी त्या काळी प्लेक्स ही कंपनीची स्वतःची भाषा वापरली जात असे. एक्स्चेंजच्या गरजा तिच्यात भागत होत्या, मात्र आज्ञावली लिहिणे कष्टाचे होते. याच कामासाठी अधिक चांगली भाषा कोणती, हे शोधण्यासाठी प्रयोगशाळेत निरनिराळ्या भाषांमध्ये एका छोट्या एक्स्चेंजचे नियंत्रण लिहून पाहण्यात आले. एकाही भाषेत सर्व गरजा भागत नव्हत्या. समवर्ती प्रक्रियांची सोय असलेल्या भाषा चुका सावरण्यात कमी पडत होत्या, तर मांडणीला सुटसुटीत असलेल्या भाषांमध्ये समवर्ती प्रक्रियांची सोय नव्हती. या प्रयोगांतूनच नव्या भाषेची कल्पना पुढे आली.

इतिहास

एर्लँगची पहिली आवृत्ती प्रोलॉग या भाषेत लिहिलेली होती. एर्लँगच्या लेखनपद्धतीवर प्रोलॉगची छाप आजही दिसते. विधानांमध्ये स्वल्पविराम आणि फंक्शनच्या शेवटी पूर्णविराम देण्याची रीत तिथूनच आली आहे. ही आवृत्ती प्रत्यक्ष उत्पादनासाठी फारच संथ होती. वेग सुमारे चाळीस पट वाढल्याशिवाय तिचा उपयोग नाही, असा निष्कर्ष १९८८ च्या सुमारास निघाला. त्यानंतर आर्मस्ट्राँग यांनी एका आभासी यंत्राचा आराखडा तयार केला आणि विल्यम्स यांनी त्याचा गाभा सी भाषेत लिहिला. पुढे या यंत्राची जागा बीम या अधिक वेगवान आभासी यंत्राने घेतली. आजही एर्लँगच्या आज्ञावल्या बीमवरच चालतात.

एरिक्सनशी संबंधित एका मोठ्या नव्या एक्स्चेंजचा प्रकल्प १९९५ च्या अखेरीस कोलमडला आणि एर्लँगला मोठी संधी मिळाली. त्यातून पुढे आलेल्या एएक्सडी ३०१ या स्विचच्या नियंत्रणासाठी एर्लँगची निवड झाली. भाषेसोबत लागणारी तयार ग्रंथालये, साधने व कार्यपद्धती एकत्र बांधण्यासाठी ओटीपी हा संच तयार करण्यात आला. त्याची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. एएक्सडी ३०१ मध्ये एर्लँगच्या दहा लाखांहून अधिक ओळी होत्या आणि त्या काळी तो एर्लँगचा सर्वांत मोठा वापर होता.

या स्विचची उपलब्धता ९९.९९९९९९९ टक्के असल्याचा उल्लेख एर्लँगविषयीच्या लेखनात वारंवार येतो. हा आकडा शब्दशः घेतला, तर वर्षभरात यंत्रणा जेमतेम ३२ मिलिसेकंद बंद राहिली असा त्याचा अर्थ होतो. मात्र हे मोजमाप मर्यादित यंत्रांवर व मर्यादित काळासाठी झालेले होते. त्यामुळे तो भाषेचा सर्वसाधारण गुणधर्म मानणे योग्य ठरत नाही. शिवाय अशी उपलब्धता केवळ भाषेमुळे येत नसते. दुहेरी यंत्रसामग्री, चाचण्या आणि देखभाल यांचाही तिच्यात वाटा असतो.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एरिक्सनच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांसाठी एर्लँग वापरण्यास मनाई केली. केवळ एकाच कंपनीत वापरली जाणारी भाषा सांभाळण्यापेक्षा जगभर प्रचलित असलेल्या भाषा वापराव्यात, अशी त्यामागची भूमिका होती. भाषेच्या समर्थकांनी तिचा स्रोत खुला करण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एर्लँग मुक्तस्रोत झाली. त्यानंतर लवकरच मूळ गटातील अनेकांनी एरिक्सन सोडून ब्लूटेल ही कंपनी स्थापन केली. मनाईमुळे भाषा संपली असती, पण स्रोत खुला झाल्याने ती कंपनीबाहेर पसरली. पुढे एरिक्सनमधील मनाईही निष्प्रभ झाली आणि २००४ मध्ये आर्मस्ट्राँग पुन्हा एरिक्सनमध्ये रुजू झाले.

बिघाड गृहीत धरून भरवशाच्या वितरित यंत्रणा कशा उभाराव्यात, हा आर्मस्ट्राँग यांच्या पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी तो २००३ मध्ये सादर केला. एर्लँगमागील विचार समजून घेण्यासाठी आजही तो वाचला जातो. आर्मस्ट्राँग यांचे २० एप्रिल २०१९ रोजी निधन झाले.

प्रक्रिया आणि संदेश

समवर्ती आणि समांतर या दोन संज्ञांत फरक आहे. अनेक कामे एकाच कालावधीत सुरू असतील, तर ती समवर्ती होत. एकच प्रोसेसर आळीपाळीने थोडाथोडा वेळ देऊनही अशी कामे पुढे नेऊ शकतो. अनेक प्रोसेसरांवर ती खरोखर एकाच क्षणी चालत असतील, तर ती समांतर होत. एर्लँगची आज्ञावली समवर्ती प्रक्रियांमध्ये विभागून लिहिली जाते. त्या एका प्रोसेसरवर चालवायच्या की अनेक, हे आभासी यंत्र ठरवते. २००६ पासून हे यंत्र एकापेक्षा अधिक गाभ्यांचा वापर करू शकते, आणि त्यासाठी जुन्या आज्ञावल्या सहसा नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत.

एर्लँगमधील प्रक्रिया कार्यप्रणालीच्या प्रक्रियेहून वेगळी असते. ती आभासी यंत्राच्या आत निर्माण होते आणि आरंभी तिला काही किलोबाइट इतकीच मेमरी लागते. म्हणून एका संगणकावर लक्षावधी प्रक्रिया ठेवता येतात. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची मेमरी, ओळखक्रमांक आणि टपालपेटी असते. ठरावीक काम झाले की आभासी यंत्र तिला थांबवून पुढच्या प्रक्रियेला संधी देते. त्यामुळे एखादी प्रक्रिया अनंत आवर्तनात अडकली, तरी बाकीच्यांचे काम सहसा चालू राहते. निरुपयोगी झालेली मेमरी मोकळी करण्याचे कामही प्रत्येक प्रक्रियेपुरते स्वतंत्रपणे होते. ही साफसफाई सुरू असताना संपूर्ण यंत्रणा थबकत नाही.

एका प्रक्रियेला दुसरीची मेमरी वाचता किंवा बदलता येत नाही. त्यांच्यातील देवाणघेवाण संदेशांतून होते. पाठवणारी प्रक्रिया संदेश पाठवून लगेच पुढच्या कामाला लागते आणि तो संदेश दुसरीच्या टपालपेटीत जाऊन पडतो. तो केव्हा उघडायचा, हे घेणारी प्रक्रिया ठरवते. हवा तो संदेश आधी उचलणे आणि ठरावीक वेळ वाट पाहून पुढे जाणे या दोन्ही सोयी भाषेतच आहेत. एका प्रक्रियेने दुसरीला पाठवलेले संदेश पाठवल्याच्या क्रमानेच पोहोचतात. परंतु वेगवेगळ्या प्रक्रियांकडून आलेल्या संदेशांचा परस्परांतील क्रम निश्चित नसतो.

या पद्धतीचा लाभ संयुक्त बँक खात्याच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. खात्यात १,००० रुपये आहेत आणि दोन ठिकाणांहून एकाच वेळी ३०० व ४०० रुपये काढले जात आहेत, असे समजू. शिलकीचा आकडा सामायिक मेमरीत असेल, तर दोन्ही ठिकाणचे काम आधी १,००० हा आकडा वाचू शकते. मग एक ७०० लिहील आणि दुसरे ६००. जे शेवटी लिहिले जाईल तेच टिकेल. काढले गेले ७०० रुपये, तरी खात्यात ३०० ऐवजी ६०० किंवा ७०० रुपये दिसतील. हे टाळण्यासाठी अन्य भाषांत सामायिक मेमरीला कुलपे लावतात. कुलूप लावायचे राहिले तर वरील चूक होते. दोन कामे एकमेकांच्या कुलपांची वाट पाहत राहिली, तर दोन्ही कायमची अडकतात.

एर्लँगमध्ये खाते हीच एक प्रक्रिया करता येते. शिल्लक तिच्या स्वतःच्या मेमरीत असते आणि ‘३०० काढा’, ‘४०० काढा’ असे संदेश तिच्याकडे येतात. ती एक संदेश पूर्ण करूनच दुसरा हाती घेते, त्यामुळे शेवटी ३०० रुपयेच उरतात. अर्थात संदेश नीट आखणे आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच हाती असते. ‘शिल्लक सांगा’ आणि ‘शिल्लक अमुक करा’ असे दोन वेगळे संदेश ठेवले, तर तीच चूक पुन्हा होऊ शकते.

स्वतंत्र घटकांनी केवळ संदेशांतून संवाद साधावा, ही कल्पना कार्ल हेविट यांनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या अभिनेता प्रारूपातही आढळते, आणि एर्लँगची गणना बहुधा त्याच परंपरेत केली जाते. मात्र एर्लँगच्या रचनाकारांनी ते प्रारूप समोर ठेवून भाषा बनवली नव्हती. संदेश पाठवण्यासाठी वापरले जाणारे उद्गारचिन्ह टोनी होअर यांच्या १९७८ मधील समवर्ती प्रक्रियांच्या संकेतलेखनातही आढळते.

भाषेची रचना

एर्लँग ही फंक्शनप्रधान भाषा आहे. तिच्यात चलाला एकदाच मूल्य देता येते आणि नंतर ते बदलता येत नाही. त्यामुळे मूल्य कोठे व केव्हा बदलले, याचा शोध घ्यावा लागत नाही. पुनरावृत्तीसाठी स्वतंत्र आवर्तन-विधान नसून फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावते. प्रक्रियेची स्थिती जपण्याची रीतही हीच आहे. वरील खात्याचे फंक्शन संदेश हाताळून झाल्यावर नवी शिल्लक सोबत घेऊन स्वतःला बोलावते आणि पुढच्या संदेशाची वाट पाहते. असे बोलावणे फंक्शनमधील अखेरचे काम असेल, तर त्यासाठी वाढीव मेमरी लागत नाही. म्हणून प्रक्रिया वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

नमुना-जुळणी हे या भाषेचे दुसरे ठळक वैशिष्ट्य आहे. आलेल्या मूल्याची रचना दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते आणि जुळेल त्या नमुन्यापुढील विधाने चालतात. एकही नमुना जुळला नाही, तर फंक्शन चूक जाहीर करते. बिट-पातळीवरील विदेसाठीही नमुने लिहिता येतात. जाळ्यावरून आलेल्या पाकिटातील पहिले ४ बिट आवृत्तीचे, पुढील ४ लांबीचे, अशी फोड त्यामुळे थेट लिहिता येते.

चुका हाताळण्याची पद्धत

बहुतेक भाषांत संभाव्य चुकांचा आधीच विचार करून त्या जागच्या जागी हाताळण्यावर भर असतो. एर्लँगमध्ये अनपेक्षित स्थितीत सापडलेली प्रक्रिया बंद पडू द्यावी, असा संकेत आहे. आतील माहिती बिघडली असण्याची शक्यता असताना तसेच पुढे जाण्यापेक्षा थांबणे सुरक्षित असते, हे त्यामागचे कारण आहे. ज्या चुका अपेक्षित आहेत, उदाहरणार्थ वापरकर्त्याने चुकीचा क्रमांक देणे, त्या नेहमीप्रमाणे हाताळल्या जातात.

प्रक्रिया बंद पडल्याची दखल दुसऱ्या प्रक्रियेने घ्यावी लागते. त्यासाठी दोन प्रक्रियांमध्ये दुवा जोडता येतो. दुवा असलेली एक प्रक्रिया चुकीमुळे बंद पडली, तर दुसरीला सूचना जाते. सूचना मिळालेली प्रक्रियाही सामान्यतः बंद होते, परंतु तिने तशी तयारी केली असेल, तर ती सूचना तिला साध्या संदेशासारखी मिळते आणि पुढील निर्णय ती घेते. हे दुवे एकाच संगणकापुरते मर्यादित नसतात. संपूर्ण संगणकच बंद पडला, तर दुसऱ्या संगणकावरील प्रक्रियेला ते कळू शकते. यंत्रसामग्रीचा बिघाड सोसायचा असेल, तर किमान दोन संगणक हवेत, हे आर्मस्ट्राँग आवर्जून सांगत.

ओटीपीमध्ये या दुव्यांवर पर्यवेक्षकांची उतरंड उभारलेली आहे. कार्यकर्त्या प्रक्रिया प्रत्यक्ष काम करतात, तर पर्यवेक्षक प्रक्रिया फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवतात. कार्यकर्ता बंद पडला, तर केवळ त्यालाच नव्याने सुरू करायचे, सर्वांना सुरू करायचे, की त्याला आणि त्याच्यानंतर सुरू झालेल्यांना, हे आधी ठरवून देता येते. ठरावीक सेकंदांत ठरावीक वेळांहून अधिक बिघाड झाले, तर पर्यवेक्षक हार मानतो, आपल्या हाताखालील प्रक्रिया बंद करतो व स्वतःही बंद होतो. मग वरच्या पातळीवरील पर्यवेक्षक अधिक मोठा भाग नव्याने सुरू करतो. अशा रीतीने प्रत्येक बिघाड शक्य तितक्या लहान परिघात निपटला जातो आणि न निपटल्यास परिघ वाढत जातो.

नव्याने सुरू केल्याने चूक दुरुस्त होत नाही, तरीही या उपायाचा उपयोग होतो. प्रत्यक्ष वापरात आलेल्या आज्ञावलीत उरलेल्या चुका बहुधा विशिष्ट वेळी विशिष्ट घटना जुळून आल्यासच प्रकट होतात. तेच काम स्वच्छ स्थितीतून पुन्हा केले, तर बहुतेकदा ते पार पडते. टँडेम या कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ मधील अहवालात हे निरीक्षण मांडले होते. मात्र प्रत्येक वेळी हटकून घडणाऱ्या चुकीवर या पद्धतीचा उपाय चालत नाही. अशी चूक नोंदवहीतून शोधून दुरुस्तच करावी लागते.

चालू यंत्रणेत बदल

एर्लँगमध्ये आज्ञावलीचा भाग यंत्रणा बंद न करता बदलता येतो. आभासी यंत्र प्रत्येक मोड्यूलच्या चालू आणि जुनी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी ठेवू शकते. आधीपासून चाललेली प्रक्रिया जुन्या आवृत्तीत काम करत राहते. तिने मोड्यूलच्या नावासह फंक्शन बोलावले की ती नव्या आवृत्तीत येते. चालू असलेले संभाषण न तोडता एक्स्चेंजची आज्ञावली सुधारणे यामुळे शक्य झाले. तथापि जुन्या स्थितीचे नव्या रचनेत रूपांतर काळजीपूर्वक लिहावे लागते. म्हणून अनेक ठिकाणी ही सोय न वापरता संगणक एकेक करून बंद व सुरू केले जातात.

मर्यादा

मोठ्या गणिती आकडेमोडीसाठी, प्रतिमा-संस्करणासाठी किंवा एकाच संथ गणनेचा वेग वाढवण्यासाठी एर्लँग सोयीची नाही. असा भाग बहुधा सी किंवा रस्ट भाषेत लिहून जोडला जातो. पण त्या भागातील गंभीर चूक संपूर्ण आभासी यंत्र बंद पाडू शकते आणि तेथे पर्यवेक्षकाचे संरक्षण लाभत नाही. २०२१ मधील चोविसाव्या आवृत्तीपासून आज्ञावलीचे चालवतानाच यंत्रभाषेत रूपांतर होऊ लागल्याने वेगात सुधारणा झाली आहे.

संदेश सामान्यतः नक्कल करून पाठवले जात असल्याने मोठ्या संदेशांचा भार पडतो. एखाद्या प्रक्रियेकडे तिच्या क्षमतेपेक्षा जास्त संदेश आले, तर टपालपेटी वाढत जाऊन मेमरी संपू शकते; तिच्या लांबीवर आपोआप मर्यादा येत नाही. भाषेत विदाप्रकारांची तपासणी कंपायलरच्या वेळी सक्तीने होत नाही. ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी डायलायझर हे विश्लेषण-साधन वापरतात. एकमेकांशी जोडलेल्या संगणकांनी परस्परांवर पूर्ण विश्वास ठेवावा, असे मूळ रचनेत गृहीत आहे. त्यामुळे खुल्या जाळ्यावर जोडणी करताना स्वतंत्र सुरक्षा-उपाय करावे लागतात.

वापर आणि प्रभाव

दूरसंचाराबाहेर एर्लँगचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे व्हॉट्सॲप. महाराष्ट्रातील घराघरांत वापरल्या जाणाऱ्या या सेवेची सर्व्हर बाजू एर्लँगमध्ये लिहिलेली असून तिची सुरुवात इजॅबरडी या मुक्तस्रोत संदेश-सर्व्हरपासून झाली. एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला ती कंपनी घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे दरमहा ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंत्यांची संख्या केवळ तीसच्या आसपास होती. टेलिफोन एक्स्चेंज आणि संदेशसेवा यांच्या गरजा जवळच्या आहेत. दोन्हींत असंख्य लहान, स्वतंत्र आणि दीर्घकाळ चालणाऱ्या जोडण्या असतात.

रॅबिटएमक्यू हा संदेश-रांग व्यवस्थापक, तसेच काउचडीबी आणि रिॲक ही विदागारे एर्लँगमध्ये लिहिलेली आहेत. जोझे व्हालिम यांनी तयार केलेली एलिक्झर ही भाषा बीमवरच चालते. तिची लेखनपद्धती निराळी असली, तरी प्रक्रिया, संदेश आणि पर्यवेक्षक यांची रचना एर्लँगचीच आहे. तिची १.० ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. जावा व स्काला या भाषांसाठीच्या आक्का या ग्रंथालयातील पर्यवेक्षणाची कल्पनाही एर्लँगवरून घेतलेली आहे. २०१५ मधील अठराव्या आवृत्तीपासून एर्लँग अपाची परवान्याखाली वितरित होते आणि तिचा मुख्य विकास आजही एरिक्सनमधील ओटीपी गट बाहेरील योगदानकर्त्यांच्या साहाय्याने करतो.